डाव फसावा, पण ती हरू नये

रोज बघायची सवय लागलेल्या मालिकेत एक क्षण हमखास येतो. जिच्या नावाने आपण महिनाभर बोटं मोडली, ती बाई एका रात्री खोलीत एकटी बसलेली दिसते. दिवसभर सगळ्यांना फसवून झालंय, डाव जमलाय, पण चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद नाही. आपण मनातल्या मनात म्हणतो, "अगं, आता तरी थांब." कालपर्यंत ती पकडली जावी म्हणून आपला जीव वरखाली होत होता. आज ती स्वतःच्या हाताने स्वतःचं वाटोळं करतेय म्हणून तुटतोय.

हे आपोआप होत नाही. कारस्थानी बाई प्रेक्षकाला आपली वाटायला लागावी, यासाठी मालिकेच्या लेखकांनी गेल्या साठ-सत्तर वर्षांत एक पूर्ण कसब घडवलं आहे. ते कसं चालतं आणि कुठे बिघडतं, हे इथे सोपं करून सांगायचा प्रयत्न करते. उदाहरणं अमेरिकेतल्या दुपारच्या मालिकांची घेतली आहेत. हा प्रकार तिथे जन्मला आणि काही पात्रं तिथे चाळीस-चाळीस वर्षं जगली, त्यामुळे माणूस हळूहळू बदलत जाताना तिथे स्पष्ट दिसतो.

आधी मालिकेचं गणित

सिनेमातल्या खलनायकाचं काम सोपं असतं. अडीच तास त्रास द्यायचा, शेवटी शिक्षा भोगायची. रोजच्या मालिकेला तो शेवटच नसतो. आठवड्याचे पाच भाग धरले तर वर्षाला अडीचशेच्या आसपास होतात. अशा मालिकेत कट करणारी बाई पकडली गेली की ट्रॅक संपला. ती कधीच पकडली गेली नाही, तर तिच्याकडून फसणारी नायिका बावळट दिसायला लागते. मग ती पकडली जाते, माफी मागते, पुन्हा तेच करते. दोन-तीन वेळा असं झालं की प्रेक्षकाला ती माणूस वाटेनाशी होते, नुसतं कट करणारं यंत्र उरतं. यंत्रावर कोणी फार दिवस रागही धरत नाही. म्हणजे कारस्थानाला माणसाचं मन जोडणं ही लेखकाची हौस कमी आणि गरज जास्त होती.

ही गरज वाढत कशी गेली, तेही पाहण्यासारखं आहे. १९३० मध्ये शिकागोच्या रेडिओवर अर्ना फिलिप्स या लेखिकेने घरातल्या बायकांच्या आयुष्यावर रोजची कथा सुरू केली. पुढे साबण आणि धुण्याची पावडर बनवणाऱ्या कंपन्या अशा कथांचा खर्च उचलू लागल्या आणि त्यांना ‘सोप ऑपेरा’ हे नाव पडलं. तेव्हा भाग पंधरा मिनिटांचा असे. पंधरा मिनिटांत दुष्ट बाईने काय केलं एवढंच सांगून होतं, का केलं हे सांगायला वेळ उरत नाही. २ एप्रिल १९५६ ला अर्ना फिलिप्सचीच ‘ॲज द वर्ल्ड टर्न्स’ अर्ध्या तासाची म्हणून सुरू झाली. तिने मुद्दाम संथ चाल ठेवली. लोक चहाकॉफी घेत बोलतात, एकमेकांकडे बघतात, गप्प होतात. कॅमेरा चेहऱ्याजवळ गेला आणि तिथेच थांबला. १९७५ मध्ये मालिका एक तासाच्या होऊ लागल्या. वाढलेली मिनिटं भरायला सगळ्यात चांगलं साधन होतं ते म्हणजे माणसाचं मन.

तीन बायका, एक वाट

‘ॲज द वर्ल्ड टर्न्स’मध्ये १९६० साली लिसा नावाची एक साधी मुलगी आली. डॉक्टर होऊ पाहणाऱ्या बॉबची मैत्रीण, एवढीच तिची ओळख आणि काम थोड्याच दिवसांचं. पण आयलीन फुल्टन या अभिनेत्रीने साध्या संवादांच्या पाठीमागे हिशेब करणारे डोळे ठेवले. तोंडाने गोड बोलायचं आणि समोरच्याची पाठ वळली की चेहरा बदलायचा. बघणाऱ्यांच्या हे लगेच लक्षात आलं आणि लेखकांच्याही. लिसा कारस्थानी झाली, प्रेक्षक तिच्यावर इतके चिडले की फुल्टनला रस्त्यात गाठून सुनावायला लागले, आणि तीच भूमिका ती २०१० मध्ये मालिका बंद होईपर्यंत करत राहिली. लोकांना राग आणणारी बाईच लोकांना हवी आहे, हे इथे पहिल्यांदा ठळकपणे कळलं. मात्र लिसाचा जीव मुख्यतः अभिनेत्रीच्या डोळ्यांत होता. कथेत तो अजून उतरायचा होता.

ते काम ॲग्नेस निक्सनने केलं. ती अर्ना फिलिप्सच्या हाताखाली तयार झालेली लेखिका. १९६० च्या दशकाच्या मध्यावर तिने स्वतःची एक मालिका कागदावर उतरवली होती आणि त्यात एरिका केन नावाची हट्टी, देखणी, अस्वस्थ मुलगी होती. मालिका लगेच पडद्यावर आली नाही. दरम्यान निक्सनकडे ‘अनदर वर्ल्ड’ ही अडचणीत आलेली मालिका सोपवली गेली आणि तिथे तिने १९६७ मध्ये रेचल डेव्हिस हे पात्र आणलं. रेचल ही एरिकाचीच आधी जन्मलेली बहीण म्हणायला हरकत नाही. दोघींना वाऱ्यावर सोडून निघून गेलेला बाप आहे. दोघींना कष्टाने वाढवणारी, मुलीच्या चुका दिसूनही तिला टाकून न देणारी आई आहे. ‘आपण जिथे आहोत तिथे राहणार नाही’ ही आगही दोघींच्या पोटात आहे.

रेचलने पहिल्यांदा लग्न केलं ते वर चढायला. मग नवऱ्याच्या बहिणीचा, ॲलिसचा, होणारा नवरा स्टीव्ह तिला हवासा वाटला. त्याच्यापासून तिला दिवस गेले. ही गोष्ट तिने ॲलिसला कधी सांगावी? ॲलिसच्या साखरपुड्याच्या समारंभात. हा क्रूरपणा आहे आणि मालिकेने तो क्रूरपणा म्हणूनच दाखवला. पण त्याआधी कित्येक महिने प्रेक्षकाने रेचलला आईच्या तुटपुंज्या घरात, दुसऱ्यांच्या सुखाकडे टक लावून बघताना पाहिलं होतं. म्हणून राग आला तरी तो कोऱ्या दुष्ट बाईवरचा राग नव्हता.

एरिकाची मालिका, ‘ऑल माय चिल्ड्रन’, ५ जानेवारी १९७० ला सुरू झाली. एरिकाची भूमिका करणारी सुझन लुची पहिल्या महिन्यापासून तिथे होती आणि वाहिनीवरची मालिका २०११ मध्ये संपेपर्यंत राहिली. या दोन बहिणी पुढे दोन वेगळ्या रस्त्यांनी गेल्या. त्या दोन रस्त्यांकडे परत येऊच. आधी जवळून बघू की प्रेक्षकाच्या मनात ही जागा नेमकी तयार कशी होते.

एकांत कोणाला दिला

एक छोटा प्रसंग घ्या. नायिकेच्या नावाचं पत्र येतं. मोठ्या कामासाठी तिची निवड झाली आहे. घरातली दुसरी बाई ते पत्र दारातच उचलते.

हा प्रसंग लिहायची एक तऱ्हा अशी, की कॅमेरा नायिकेबरोबर राहील. ती विचारेल, "काही आलं का गं?" दुसरी म्हणेल, "नाही." आपल्याला खरं ठाऊक असल्यामुळे आपण संतापू. नायिका वाट बघत राहील, संगीत वाजेल, भाग संपेल.

आता दुसरी तऱ्हा. कॅमेरा पत्र उचलणाऱ्या बाईच्या मागोमाग तिच्या खोलीत जातो. ती दार लावते. पत्र फाडायला दोन्ही हातांत धरते आणि थांबते. पाकीट उघडून वाचायला लागते. ‘तुमच्यासारख्या हुशार व्यक्तीची आम्हाला गरज आहे’ या ओळीवर तिचं बोट थांबतं. ती ओळ ती पुन्हा वाचते, या वेळी अगदी हळू, ओठ हलवून. मग पत्राची आधीच्याच घडीवर घडी घालते आणि कपाटात कपड्यांच्या खाली सरकवते. बाहेरून हाक येते, "काही आलं का गं?" ती आरशात बघून चेहरा नीट करते आणि म्हणते, "नाही."

गुन्हा तोच आहे. नायिकेचं नुकसान तेवढंच आहे. तिच्या तोंडी जास्तीचं एक वाक्यही घातलेलं नाही. तरी दुसऱ्या तऱ्हेत आपण तिच्याकडून काहीतरी घेऊन बाहेर पडलो. आपल्याला कोणीतरी असं लिहावं, ही तिची भूक आपण पाहिली आणि घरातल्या दुसऱ्या कोणीही ती पाहिलेली नाही. मालिका ज्याला एकांत देते, तो माणूस आपला होतो. नायिकेला बहुतेक वेळ माणसांच्या गराड्यात ठेवलं जातं. कट करणारीला मात्र एकटं ठेवावंच लागतं, कारण कट एकटीनेच शिजतो. म्हणून तिचा चेहरा आपण नायिकेपेक्षा जास्त वेळ, जास्त खरेपणाने पाहतो. या कलाप्रकारातली मला सगळ्यात सुंदर वाटणारी गोष्ट हीच आहे.

गुपिताचाही यात मोठा वाटा आहे. ते पत्र कपाटात आहे हे जगात दोघांनाच माहीत आहे, तिला आणि आपल्याला. आपण न विचारता तिच्या कटात सामील झालो. मग पुढच्या आठवड्यात कोणी कपाट आवरायला घेतलं की छातीत धस्स होतं, आणि ती धडधड तिच्या बाजूची असते. शिवाय तिने ते फाडलं नाही, हे लेखकाला दोन्हीकडून उपयोगी पडतं. तिच्या मनाचा ओलावाही त्यातून दिसतो आणि पुढे ती पकडली जाण्याचा पुरावाही तोच. चांगल्या मालिकेत तिचा मऊपणाच तिला गोत्यात आणतो.

तिला बोलायला एखादं माणूस हवं असतं. आई, जुनी मैत्रीण, कोणीतरी, जे तिचं ऐकून घेईल आणि तिला झापेलही. एरिकाला तिची आई मोना होती, रेचलला तिची आई एडा होती. मोनाला मुलीचे सगळे खेळ कळत आणि ती तोंडावर बोलून दाखवी. प्रेक्षकाच्या मनातलं बोलणारं माणूस पडद्यावरच आहे म्हटल्यावर प्रेक्षक निवाडा करायच्या कामातून मोकळा होतो आणि नुसता काळजी करायला लागतो. आणि हो, कटात ती हुशार दिसलीच पाहिजे. मूर्ख कारस्थानी बाईची कीव येते. कीव वेगळी आणि आपुलकी वेगळी.

सॅमी ब्रेडीचं उदाहरण

‘डेज ऑफ अवर लाइव्ह्ज’ १९६५ मध्ये सुरू झाली. तिच्यातल्या सॅमी ब्रेडीइतकं नीट बांधलेलं कारस्थानी पात्र मला दुसरं सापडलेलं नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

सॅमी आणि तिचा जुळा भाऊ एरिक १९८४ मध्ये पडद्यावर जन्मले. १९९३ मध्ये ॲलिसन स्वीनी या भूमिकेत आली तेव्हा सॅमी एकदम सोळा वर्षांची झाली होती. अमेरिकी मालिकांत मुलं अशी झटकन मोठी करतात. आपल्याकडे सगळी कथाच लीप घेते, तिथे एकट्या मुलाला लीप मिळतो. पण सॅमीच्या बाबतीत मधल्या वर्षांची कथा आधीच पडद्यावर घडून गेली होती आणि लेखकांनी तीच वापरली. तिची आई मार्लेना तिच्या लहानपणी मेली असं सगळे समजत होते. काही वर्षांनी ती परत आली. ज्याला सॅमी बाप म्हणत होती, तो माणूस तिचा खरा बाप रोमन नव्हताच. तो जॉन ब्लॅक होता, आणि खरा रोमन नंतर परतला. म्हणजे या मुलीच्या आयुष्यात आई गेली, आली, बाप बदलला आणि हे सगळं मोठ्यांनी आपसांत मिटवून टाकलं. पोरीचं काय झालं, हे कोणी विचारलं नाही.

मग ती आपल्या आईला जॉनबरोबर बघते. दारातून, चुकून. ज्याला आपण एके काळी बाबा म्हणायचो तो माणूस, आणि खरा बाप घरी. ती आत जाऊन आरडाओरडा करत नाही. बघते आणि निघून जाते. इथून पुढचं सगळं या एका बघण्यातून निघतं. आईला मूल होणार असतं तेव्हा ते रोमनचंच आहे असं दिसावं म्हणून ती तपासणीच्या नोंदीत फेरफार करते. बाळ जन्मल्यावर त्याला पळवते आणि दत्तक देणाऱ्या दलालाकडे पोचवायला निघते. तान्ह्या बहिणीला पळवणं! याहून वाईट काय करायचं? पण तिच्या डोक्यातलं गणित आपण पायरी पायरीने पाहिलेलं असतं. हे बाळ नसेल तर आईबाप पुन्हा एक होतील, असं ते गणित आहे. ते लहान मुलाचं आहे, फक्त करणारीचे हातपाय मोठे झाले आहेत.

पुढे तिला ऑस्टिन आवडतो. ऑस्टिनचं प्रेम तिच्या सावत्र बहिणीवर, कॅरीवर. कॅरी देखणी, सगळ्यांची लाडकी. सॅमी ऑस्टिनला औषध देऊन भ्रमात ओढते आणि ल्यूकस या मित्रापासून झालेलं मूल ऑस्टिनचं म्हणून सांगते. मुलाचं नाव विल. हे खोटं कित्येक महिने चाललं. स्मृती गेल्याचं सोंग झालं, लग्न ठरलं, लग्नाच्या दिवशी भांडं फुटलं. पण त्या खोट्याच्या आत एक गोष्ट खरी होती. विलवर तिचा जीव होता. त्याच्या बाबतीतला तिचा धाक, त्याला कोणी आपल्यापासून तोडेल ही भीती, यात नाटक नव्हतं. तिच्या सगळ्या कटांचं आणि तिच्या सगळ्या चांगुलपणाचं मूळ एकच, मला सोडून जाऊ नका. लहानपणी हे वाक्य म्हणायची सोय नव्हती म्हणून ती मोठेपणी माणसांना बांधून ठेवायला निघाली.

टानिया मॉडलेस्की या अभ्यासक लेखिकेने १९७९ मध्येच, म्हणजे सॅमीच्या कितीतरी आधी, या बायकांबद्दल एक मोलाचं निरीक्षण मांडलं होतं. एरवी ज्या गोष्टी बाईला अडकवून ठेवतात, त्यांचंच ही खलनायिका हत्यार करते, असं तिचं म्हणणं. दिवस जाणं हे त्यातलं ठळक उदाहरण. ज्या गोष्टीपुढे सरळमार्गी नायिका हतबल होते, तिच्याच जोरावर ही बाई पुरुषाला वाकवते. घरात बसून मालिका बघणाऱ्या बाईला हे पटणारं नसतं, पण त्यातली ताकद ओळखीची असते. म्हणून ती तिच्यावर चिडते आणि तिची वाटही बघते.

जखम आधीची की मागाहून बसवलेली

सॅमीची जखम आपण आधी पाहिली, गुन्हे नंतर. सगळ्या पात्रांना ही चैन मिळत नाही. कित्येकदा दुष्ट माणूस आधी येतो, लोकप्रिय होतो आणि मग त्याला भूतकाळ शिवावा लागतो. ‘द यंग अँड द रेस्टलेस’मधला व्हिक्टर न्यूमन १९८० मध्ये आला तो काही आठवड्यांपुरता. बायकोवर हुकूमत गाजवणारा नवरा, जो तिच्या प्रियकराला तळघरात कोंडून ठेवतो. त्याला मारून टाकायचं ठरलेलं होतं. ती भूमिका करणाऱ्या एरिक ब्रेडनने त्यात असं काही ओतलं की पात्र मारता येईना. मग कळलं की तो अनाथालयात वाढलेला, आईने सोडून दिलेला, खरं नाव ख्रिश्चन मिलर. ‘न्यूमन’ हे नाव त्याने स्वतः घेतलं, म्हणजे ‘नवा माणूस’. हे नंतर जोडलेलं असूनही बसलं, कारण त्याची मालकी गाजवायची हाव आधीपासून पडद्यावर होती आणि तिला आता कारण मिळालं.

मागाहून जोडलेल्या भूतकाळाची कसोटी माझ्या मते एवढीच. आधी पाहिलेल्या गोष्टींचा अर्थ त्याने उजळतो की पुसला जातो? एरिकाच्या बाबतीत दोन्ही झालं. १९९३ मध्ये उघड झालं की चौदाव्या वाढदिवशी वडिलांच्या मित्राने तिच्यावर बलात्कार केला होता आणि त्यातून झालेली मुलगी तिने दत्तक दिली होती. ती मुलगी, केंडल, मोठी होऊन समोर उभी राहिली, आईसारखीच चलाख आणि आईसारखीच टाकलेली. एरिकाचा पुरुषांना खेळवायचा स्वभाव, बापाच्या नावावर चिडणं आणि तरी त्याची वाट बघणं, हे सगळं या उजेडात वेगळं दिसलं.

दुसरी गोष्ट मला अजून सलते. १९७३ मध्ये एरिकाने गर्भपात केला होता. गर्भपाताला नुकतीच कायदेशीर मान्यता मिळाली होती आणि अमेरिकी मालिकेत कायदेशीर गर्भपात पहिल्यांदा दाखवला गेला. तिला मॉडेलिंग करायचं होतं, मूल नको होतं. या कारणामुळे लोकांना ती स्वार्थी वाटली, पण निर्णय तिचा होता. तीस वर्षांहून जास्त काळानंतर लेखकांनी दाखवलं की गर्भपात झालाच नव्हता. डॉक्टरने गर्भ चोरून आपल्या बायकोच्या पोटात वाढवला आणि तो मुलगा आता मोठा होऊन आला आहे. एका धक्क्यासाठी एका बाईचा एक ठाम निर्णय तिच्याकडून काढून घेतला. कारस्थानी पात्राचं सगळं बळ ती स्वतः ठरवते यात असतं. ते काढलं की तिच्याबद्दल वाटणारी सहानुभूतीही फुकटची होते.

सहानुभूती कुठे थांबायला हवी

हा भाग लिहायला अवघड आहे, पण टाळता येणार नाही. ‘जनरल हॉस्पिटल’मध्ये १९७८ साली लूक स्पेन्सर हा गुंडांसाठी काम करणारा, अस्वस्थ तरुण आला. १९७९ मध्ये त्याने लॉरा या नायिकेवर बलात्कार केला. लूक आणि लॉरा साकारणाऱ्या अँथनी गीरी आणि जिनी फ्रान्सिस या जोडीला प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलं आणि मालिकेने हळूहळू त्या रात्रीचे शब्दच बदलले. बलात्काराला मोहाचा क्षण म्हटलं जाऊ लागलं. नोव्हेंबर १९८१ मध्ये दोघांचं लग्न सुमारे ३ कोटी लोकांनी पाहिलं. दुपारच्या अमेरिकी मालिकांत असा आकडा पुन्हा दिसला नाही.

इथे वर सांगितलेली सगळी हत्यारं वापरली होती. एकांत, दुःख, विनोद, धाडस. हत्यारं चाललीही. म्हणूनच ती जपून वापरायची असतात. एखाद्याने हे का केलं हे दाखवणं एक, आणि त्याने केलं त्याचं नाव बदलणं दुसरं. पत्र लपवणारी बाई एकटी रडली म्हणून पत्र पोचलं असं होत नाही. लॉराच्या बाबतीत मालिकेने पत्र पोचलंच असं सांगितलं. १९९८ मध्ये लेखक परत तिथे गेले. दोघांचा मुलगा लकी याला ती गोष्ट कळते आणि तो बापाला जाब विचारतो. तेव्हा लूकला, आणि त्याच्याबरोबर प्रेक्षकांनाही, तो शब्द ऐकावा लागला. जवळपास वीस वर्षं उशीर झाला होता. तरी ते प्रसंग पाहण्यासारखे आहेत, कारण त्यांत लूकबद्दलची माया काढून घेतलेली नाही आणि त्याला सूटही दिलेली नाही.

एक कसोटी इथून हाती लागते. सोसणाऱ्या माणसालाही तितकाच एकांत दिलाय का, हे बघायचं. कारस्थान करणारीचं मन दाखवताना जिचं नुकसान झालं तिचा चेहरा पडद्यावरून गेला, तर लेखक आपल्याला फसवतोय असं समजायला हरकत नाही.

दोन बहिणींचे दोन रस्ते

आता रेचलकडे. १९७१ पासून ‘अनदर वर्ल्ड’ची सूत्रं हार्डिंग लमे या नाटककाराकडे आली आणि १९७२ पासून व्हिक्टोरिया विंडम रेचल झाली. लमेने रेचलला सुधारायचं ठरवलं, पण उपदेश देऊन नाही. तिला जे हवं होतं ते त्याने तिला दिलं. मॅक कोरी हा वयाने बराच मोठा, श्रीमंत प्रकाशक तिच्यावर मनापासून प्रेम करायला लागला आणि १९७५ मध्ये त्यांचं लग्न झालं. तिच्या हातांना शिल्पकलेचं काम मिळालं. भूक भागली की हिसकावून घ्यायची घाई कमी होते, एवढा साधा विचार. पण जागा रिकामी राहून चालत नाही. रेचल चांगली झाल्यावर कट कोण करणार? मॅकची मुलगी आयरिस. बापावर जीव टाकणारी, बापाची नवी बायको डोळ्यांत खुपणारी. ती भूमिका करणाऱ्या बेव्हर्ली मॅकिन्सीने तिला इतकं दुखरं केलं की तिच्यावरही पूर्ण चिडता येईना. एके काळी ॲलिसला रडवणारी रेचल आता आयरिसच्या डावांना तोंड देत होती आणि तिला ते डाव आधी ओळखता येत होते, कारण ते तिने स्वतः खेळलेले होते.

रेचल बदलली. एरिका बदलली नाही, वाढली. तिने लग्नं केली, मोडली, पुन्हा केली, कंपन्या उभ्या केल्या, वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनातून गेली. एका भागात जंगलात अस्वल समोर आलं तेव्हा तिने पळण्याऐवजी त्याला आपलं नाव सांगून खडसावलं. हसू येतं, आणि हसता हसता कळतं की या बाईकडे नावाशिवाय दुसरं काही नव्हतंच. सुझन लुचीला या भूमिकेसाठी १९७८ पासून एमी या टीव्ही पुरस्काराचं नामांकन मिळत गेलं आणि पुरस्कार हातात पडला १९९९ मध्ये, १९ व्या वेळी.

मला स्वतःला एरिकाचा रस्ता जास्त अवघड आणि जास्त खरा वाटतो. रेचलसारखा बदल आयुष्यात क्वचित होतो आणि मालिकेत तो झाला की पात्राची गोष्ट अर्धी मिटते. एरिकाला चाळीस वर्षं नवे डाव, नवी माणसं, नवी वस्त्रं मिळाली, पण भूक तीच राहिली. तिचा बाप, एरिक केन, सिनेमे बनवायचा. मुलगी लहान असताना तो घर सोडून गेला.

२३ सप्टेंबर २०११ ला ‘ऑल माय चिल्ड्रन’चा वाहिनीवरचा शेवटचा भाग लागला. एरिकाच्या आयुष्यावर सिनेमा निघायचा आहे, हॉलिवूडहून बोलावणं आलंय. जॅक्सन, जो तिच्यासाठी वर्षानुवर्षं थांबला, त्याला आता फक्त लग्न हवंय. ती म्हणते, थांब, हे एवढं होऊ दे. तो यापुढे थांबणार नाही म्हणतो आणि दाराकडे वळतो. घरभर माणसं आहेत, सगळे बघतायत, आणि एरिका केन त्याच्या मागे दारापर्यंत धावते. जाऊ नकोस म्हणते. तेवढ्यात दुसरीकडून गोळीचा आवाज येतो आणि पडदा काळा होतो.